तीन मिलिमीटर

बाजारात मला काटकोन म्हणतात. माझ्या हातचा पत्रा अगदी नव्वद अंशांत वाकतो म्हणून, असं मी समजतो. मुलगी म्हणते, स्वभावावरून.

मापं आखून पत्रा वाकवतो मी, वेल्डिंग करते ती. बेकरीवाल्याला पिठाचा ट्रे हवा होता, लांबी बरोबर सहाशे मिलिमीटर. मोठा झाला तर मशीनमध्ये शिरत नाही, लहान झाला तर रुळावरून घसरतो. वाकवताना पत्रा लांबतो, ते मी वजा करतो. वेल्ड थंड होताना मात्र जोड आखडतो, दर जोडाला साधारण एक मिलिमीटर. ट्रेला जोड तीन, म्हणून तीन मिलिमीटर आधीच वाढवून धरायचे. हे मला झोपेतही पाठ आहे. तरी पहिल्या ट्रेला विसरलो. भरला पाचशे सत्त्याण्णव.

विसरलो म्हणायचं सोडून मी तिच्यावरच खेकसलो, "एका जागी किती वेळ तापवत बसतेस!"

तिने हेल्मेट तोंडावर ओढलं.

दुसऱ्या ट्रेला मी तीन वाढवले, पण ताकास तूर लागू दिली नाही. तिनेही न सांगता प्रत्येक जोडात मिलिमीटरभर फट सोडली. भरला सहाशे तीन! काय झालं ते दोघांनाही कळलं, पण बोललं कोणी नाही.

तिसऱ्याला मला वाटलं, ही फट सोडतेय, मग मी कशाला वाढवू? तिला वाटलं, बाबा वाढवतायत, मग फट कशाला? पुन्हा पाचशे सत्त्याण्णव.

मी टेप आपटली. अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

"मी चालले मोठ्या कारखान्यात," ती म्हणाली. "कधीचं बोलावतायत. एवढा ट्रे झाला की मोकळी." आणि हेल्मेटची पिशवी बाकावर काढून ठेवली.

पत्रा एकच उरला होता. आणि मुलगीही एकच.

राग खरं तर मला माझाच येत होता. आयुष्यभर मी म्हणेन ती पूर्व दिशा. माप कधी कोणाला विचारलं नव्हतं. पत्र्यापुढे उभा राहिलो.

"किती धरू?"

तिने वळून पाहिलं. "मला विचारताय?"

"इथे दुसरं कोण आहे?"

"अडीच धरा. फट मी सोडणार नाही."

तीनच लागतात, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. अडीच धरून आखलं.

ट्रे थंड झाल्यावर तिने टेप लावली. "अर्धा कमी," ती पुटपुटली आणि माझ्या ओरडण्याची वाट बघत राहिली.

"अर्धा चालतो," मी म्हणालो. "आणि ऐक. पहिल्या ट्रेला तीन धरायला मीच विसरलो होतो. तुझं वेल्ड बरोबर होतं."

"माहीत आहे. मी तेव्हाच मोजून पाहिलं होतं. तुम्ही पुन्हा विसराल म्हणून तर दुसऱ्याला फट सोडली."

मला खाली बघावंसं वाटलं. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"विचारलंत कुठे, आजपर्यंत?" ती म्हणाली, आणि हेल्मेट पिशवीऐवजी खिळ्याला अडकवलं.