परसातला पिरॅमिड आणि दुसरा टोमॅटो

मी एक जुना पिरॅमिड आहे. हसू नका, मित्रांनो! पिरॅमिड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे वाळवंट आलं असेल, उंट आले असतील. माझ्या नशिबी तसलं काही नाही. माझा पाया आठ फुटांचा, उंची पाच फुटांच्या जरा वर आणि वय उणंपुरं सहा वर्षं. एका घराच्या परसात, पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायची दोरी यांच्या मधोमध मी उभा आहे. माझ्या पोटात सध्या दोन फुटक्या बादल्या आणि एक फावडं आहे. सहा वर्षांत कोणी जुनं होतं का, असं तुम्ही विचाराल. होतं. एखादी चूक मनात ठेवून उभं राहिलं की फार लवकर होतं.

मला घडवलं एका सुतारानं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी दारं-खिडक्या केल्या. मग बाजारात कारखान्यातली तयार दारं आली, गिऱ्हाईक आटलं आणि मिस्त्रींनी दुकानाला कुलूप लावलं. त्यानंतर ते नुसते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचेही नाहीत. त्यांची बायको शिवणकाम करते. गल्लीतली मुलं तिला शिवणकाकू म्हणतात, म्हणून मीही काकूच म्हणतो. काकू मशीन चालवता चालवता एकट्याच बोलत राहायच्या आणि मिस्त्री अधूनमधून ‘हं’ म्हणायचे.

अशात शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर एक पातळशी पुस्तिका घेऊन आले. उंटावरचे शहाणे ते! स्वतः जन्मात कधी खिळा ठोकलेला नाही. पुस्तिकेत म्हटलं होतं की पिरॅमिडच्या आकारात एक शक्ती साठते. आत ठेवलेली फळं नासत नाहीत, बोथट पात्यांना धार येते, जुनी दुखणी पळून जातात. मिस्त्रींनी ती पुस्तिका तीनदा वाचली आणि दुकानात उरलेल्या साऱ्या फळ्या परसात आणून टाकल्या.

माझी घडण सोपी नव्हती, मित्रांनो. काटकोन तपासायला सुताराकडे एक हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. गुण्या लावल्याशिवाय मिस्त्रींनी कधी एक चौकट जोडली नव्हती. आणि माझा पाया सोडला तर माझ्यात काटकोन औषधालाही नाही! चारी बाजू एक्कावन्न अंशांत कललेल्या. त्या वर टोकाला मिळेचनात. एकदा बोटभर फट राहिली, एकदा शेंडा वाकडा झाला, एकदा तर सगळा डोलाराच खाली बसला. दारात उभ्या काकू ओले हात पुसत म्हणाल्या, “अहो, ज्यात गुण्या चालत नाही, त्यात गुण कसला येणार?”

मिस्त्री हसले. कित्येक महिन्यांनी हसले. काकू हातातलं काम विसरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. चौथ्या खेपेला माझा शेंडा जुळला.

मग माझी परीक्षा सुरू झाली. एक टोमॅटो माझ्या पोटात, स्टुलावर. त्याच्याच जोडीचा दुसरा बाहेर, टाकीच्या कठड्यावर. मिस्त्रींनी माझ्या फळीवर खडूनं तारीख लिहिली. रोज न्याहारीनंतर ते वाकून आत यायचे, टोमॅटोला बोटही न लावता निरखायचे आणि काकूंना बातमी द्यायचे. सातव्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला आलेल्या काकूंनी आत डोकावलं. खरं सांगतो, माझाच टोमॅटो आधी नासला होता. आत हवा कोंडते, फळ्या तापतात, दुसरं काय होणार! बाहेरचा नुसता सुरकुतला होता.

काकूंनी एकवार घराकडे पाहिलं. मग त्यांनी नासका टोमॅटो उचलून कचऱ्यात टाकला, स्वयंपाकघरातून एक ताजा आणला आणि स्टुलावर ठेवला. “जाऊ दे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “माणूस हसतंय ना, पुरे.”

थोड्या वेळानं मिस्त्री आले आणि लहान पोरासारखे ओरडले, “अगं, बघ, बघ! गुण आला!”

पोस्टमास्तरांनी गल्लीभर डांगोरा पिटला. लोक यायला लागले. कोणी दाढीचं पातं ठेवून गेलं, कोणी बियाणं. कोणी गुडघे धरून अर्धा तास बसलं आणि जाताना “हलकं वाटतंय हो” म्हणून गेलं. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढलो. माझ्या अंगात फळ्या, खिळे आणि सरस यांपलीकडे काही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी कौतुक गोड लागतंच. आज त्याची लाज वाटते.

अशी तीन वर्षं गेली. मग काकू दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. डावीकडून कोणी जवळ आलं की दचकायच्या. एक दिवस त्या मिस्त्रींना म्हणाल्या, “अहो, हल्ली मला कडेकडेचं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं म्हणते.”

मिस्त्रींचा चेहरा उजळला. हो, उजळला! “डॉक्टर कशाला? घरात एवढं औषध उभं आहे की! रोज संध्याकाळी अर्धा तास आत बसायचं. मीपण बसतो तुझ्याबरोबर.”

काकूंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. खरं सांगायची वेळ तीच होती. पण टोमॅटोचं सांगितलं की मिस्त्रींचा सगळा आनंद संपणार आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसली. “बरं,” काकू म्हणाल्या.

सात महिने दोघं रोज माझ्या पोटात येऊन बसले. “गुण येतोय का गं?” मिस्त्री विचारायचे. “येतोय हो थोडा,” काकू म्हणायच्या. मिस्त्रींना शंका आली की ते सुई आणि दोरा पुढे करायचे आणि काकू पहिल्या झटक्यात दोरा ओवायच्या. “बघ! सुईचं नेढं दिसतंय, आणखी काय पाहिजे?” सुई समोर धरलेली असते, मित्रांनो. काकूंची नजर कडेकडेनं कमी होत चालली होती, आणि सुई ओवून ते कळणार नव्हतं.

एकदा मिस्त्री बाहेर गेलेले असताना काकू एकट्याच आत आल्या. माझ्या फळीवर तळहात टेकवून म्हणाल्या, “तू तरी सांग रे त्यांना.” मी काय सांगणार! माझी एक फळीसुद्धा करकरली नाही.

शेवटी सुट्टीला त्यांची लेक आली. तिनं आईच्या डाव्या हाताशी चहाचा कप ठेवला. पाच मिनिटांनी काकूंनी विचारलं, “अगं, चहा देणार होतीस ना?” दुसऱ्या दिवशी सकाळीच लेक आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

परत आल्यावर तिघं टाकीच्या कठड्यावर बसली. लेक म्हणाली, “बाबा, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्यात जेवढं उरलंय तेवढं औषधाच्या थेंबांनी राखायचं. सहा-सात महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, म्हणाले.”

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. “पण टोमॅटोला गुण आला होता,” ते म्हणाले. “मग हिलाच कसा नाही आला?”

तेव्हा काकूंनी सांगितलं. नासक्या टोमॅटोचं, ताज्याचं, सगळं सांगितलं. लेकीनं कपाळावर हात मारला. मिस्त्री काकूंकडे वळले.

“अगं, मग तू रोज आत बसलीस तरी कशाला?”

“तुम्ही इतक्या हौसेनं हाक मारायचात,” काकू म्हणाल्या. “नाही कसं म्हणू?”

मिस्त्री रडले. चाळीस वर्षं लाकूड तासलेला तो दांडगा माणूस हुंदके देऊन रडला. “मी रोज तुला गुण येतोय का, एवढंच विचारलं गं,” ते म्हणाले. “दिसतंय का, असं एकदासुद्धा विचारलं नाही.”

मला वाटलं, आता आपल्यावर कुऱ्हाड पडणार. पडली असती तर बरं झालं असतं. पण मला कोणी हात लावला नाही. लोक यायचे थांबले. पोस्टमास्तर तर आता दुसऱ्या गल्लीनं जातात. माझ्या फळ्यांवर बुरशी धरली, आत फुटक्या बादल्या आल्या. दिवसातून दोनदा मिस्त्री घड्याळ बघून काकूंची हनुवटी वर करतात आणि डोळ्यांत थेंब घालतात. एक थेंब इकडचा तिकडे होत नाही.

मध्यंतरी काकू दोरीकडे जाताना माझ्या टोकदार कोपऱ्यावर सारख्या आपटायच्या. तो त्यांच्या डाव्या बाजूला येतो, त्यांना दिसत नाही. नडगी खरचटायची, पण त्या बोलायच्या नाहीत. एक दिवस मिस्त्रींनी रक्त पाहिलं. त्यांनी करवत आणली, माझा कोपरा कापून टाकला आणि रंध्यानं गोल केला. मग खाली बसून, डोळे मिटून, कुठे बोचत तर नाही ना म्हणून त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवला. पुस्तिकेच्या नियमानं आता मी पिरॅमिडच उरलो नाही. पण काकूंना तिथे लागत नाही. माझ्याकडून झालेलं भलं काम एवढंच.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात कोणी चौकटीला धडकत असेल, पायरी चुकत असेल, तर त्याला माझ्यासारख्याच्या आत बसवू नका. त्याला नीट विचारा, हात धरा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि कोणाचं मन राखायला काही लपवलं असेल, तर आजच सांगून टाका. थोडी रडारड होईल, होऊ द्या. मी सात महिने सगळं बघत होतो. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.