परक्या हाताची शिवण

गाठ वरच्या टोकाला होती. पहिल्या फर्म्याच्या, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या पहिल्या जुडीच्या घडीत, अगदी आत, जिथे गिऱ्हाइकाची नजर जन्मात जायची नाही, तिथे दोऱ्याची बारीकशी गाठ – मेण लावलेली, नीट कापलेली – पण वरच्या टोकाला. आपण पुस्तक उलटं तर धरलं नाही ना, म्हणून तिने ते फिरवून पाहिलं. नाही. पुठ्ठा घरचा, आतला राखाडी कागद घरचा, तो तर तिनेच गेल्या महिन्यात कापून दिलेला... आणि गाठ मात्र परक्याची. तिचा नवरा डावखुरा. उजव्या हाताचा बाइंडर शिवण वर संपवतो, हा खाली. हे त्यानेच तिला दाखवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, ती हौसेने त्याच्या शेजारी फर्मे शिवायला बसायची तेव्हा. दोरा किती ओढतेस, कागद फाटेल – असं म्हणून तो तिची शिवण उसवायचा आणि स्वतः पुन्हा घालायचा. मग एक दिवस तिने सुई खाली ठेवली ती ठेवलीच.

आणि हे पुस्तक घेऊन जाताना काय म्हणाला होता? तिथल्या दुकानातच बसून शिवून टाकतो, तिथला उजेड चांगला आहे. उजेड!

कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला काही आज कळलं नव्हतं. दर महिन्याला त्याने या एवढ्याशा गावात यायचं. एक उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या पुस्तकांची दुकानं, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा आरशाखाली कादंबऱ्यांची चळत, फुटपाथवर खोकी आणि खोक्यांत डोकं घालून बसलेली बाहेरगावची माणसं. फाटकी पुस्तकं न्यायची, बांधून परत आणायची, यात दिवसभर मोडण्यासारखं काय आहे? नणंदेने तर तोंडावर विचारलं होतं, "वहिनी, दादाला हल्ली तिकडचं वारं फारच मानवतंय, नाही?" आणि स्वतःच हसली होती. म्हणून आज ही हट्टाने बरोबर आली. एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला, ताकास तूर लागू दिली नाही.

दुकान मात्र बाईचं निघालं. पन्नाशीची, आखूड पांढरे केस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "या वहिनी, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." काय ऐकलंय? कुणाकडून, केव्हा, कशाच्या ओघात? तिने हसून मान डोलावली. मग तो म्हणाला, "तू बघ पुस्तकं निवांत. आम्ही आत जरा काम उरकतो." आम्ही! ...घरी कधी म्हणालाय आम्ही? घरी सगळं मी. माझा शिकंजा, माझी खळ, माझ्या कात्रीला हात लावू नकोस.

तिने पुस्तक परत फळीवर खोचलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा तो हसलासुद्धा.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. गेल्या दिवाळीपासून... नाही, त्याच्याही आधीपासून त्याने बटणांचे शर्ट टाकले आणि डोक्यातून घालायचे सदरे धरले – या वयात नटायची हौस. चहा अर्धाच दे म्हणायला लागला – भरलेला कप इथे मिळत असणार, घरचा कशाला गोड लागेल? कुरिअरवाला आला की, तू कर गं सही, मी कामात आहे – मनाने घरातून उठलेल्या माणसाला घराच्या सह्या तरी कशाला हव्यात. रात्री कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपतो, डावा हात अंगाखाली दाबून. सगळं कसं लख्ख होतं. मीच मूर्ख, इतके दिवस डोळ्यांवर कातडं ओढून बसले. तिला राग आला, आणि रागाबरोबर एक विचित्र समाधानही आलं, आपला अंदाज चुकला नाही याचं.

आतल्या दाराशी प्रवासवर्णनांची मांडणी होती. ती प्रवासवर्णनं बघायला गेली. दार पुरतं लोटलेलं नव्हतं.

खिडकीखाली टेबल. दोघं समोरासमोर. सुई बाईंच्या हातात होती. तो दोन्ही हातांनी फर्म्यांची चळत दाबून धरत होता, आणि त्याचा डावा हात हलत होता. नुसता हलत नव्हता... त्याच्याखालचे कागद फडफडत होते, त्यांचा आवाज दारापर्यंत येत होता. हा हात कुणाचा? हाताकडे बघून तिला क्षणभर आपला नवरा ओळखूच आला नाही.

"आज जरा जास्तच हलतोय," तो म्हणाला.

"हलू दे. आता कुठून घेऊ?"

"दुसऱ्या भोकातून. दोरा सैल ठेवा... ओढलात."

"उसवू का?"

"असू दे. चालेल."

चालेल. तिने मांडणीची कड धरली.

बाईंनी सुई थांबवली. "घरी सांगितलंत का अजून?"

"नाही."

"अहो, आज त्या आल्यात. किती दिवस लपवणार?"

त्याने उजव्या हाताने फर्म्यांच्या कडा सारख्या केल्या. मग, अगदी साधेपणाने, दुखतंय कुठे ते डॉक्टरला सांगावं तसा म्हणाला, "तिच्यापुढे नाही जमत."

ती पहिल्या फळीपाशी परत आली. एक पुस्तक उचललं, उघडलं, ओळींवरून डोळे फिरवले. सदरे, चहा, सह्या, भिंतीकडे वळलेली पाठ... सगळं तेच होतं, तसंच होतं, फक्त तिने लावलेला अर्थ त्यातून निघून गेला होता आणि उरलेलं बघवत नव्हतं. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. एखादी बायको देवाचे आभार मानून मोकळी झाली असती. आणि मी? मला वाटतंय, त्यापेक्षा तेच असतं तर बरं झालं असतं. मग भांडता आलं असतं. ओरडले असते, रडले असते, नणंदेला सांगितलं असतं, चार माणसांनी माझीच बाजू घेतली असती. या बाईने माझं काय घेतलंय? काहीच नाही. तिच्यासमोर त्याचा हात थरथरू शकतो, एवढंच.

तो बाहेर आला. डावा हात खिशात.

"कंटाळलीस ना?"

"नाही."

"पुन्हा या वहिनी," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत काही आहे का ते तिने सवयीने शोधलं. काही नव्हतं. थोडी काळजी होती, ती त्याचीच.

रस्त्यावर ऊन उतरलं होतं. दुकानदार खोकी आत घेत होते. तो अर्धं पाऊल पुढे, नेहमीसारखा ताठ. आणि तिला पहिल्यांदाच जाणवलं की त्या ताठपणासाठीही त्याला कष्ट पडत असतील, तो ताठपणा घरी आल्यावरसुद्धा उतरवता येत नसेल, घरी तर नाहीच. इतकी वर्षं एका ताटात जेवलो... असं काय आहे माझ्यात? मी कधी काय बोलले? की बोललेच नाही, नुसतं बघितलं? ती आठवू लागली, एकेक प्रसंग उलटून पाहू लागली, मघाशी त्याचे पाहिले तसेच, त्याच बारकाईने, आणि एकाही प्रसंगावर तिचा विश्वास बसेना.

"गप्प का गं?" त्याने मागे वळून विचारलं.

आपण पाहिलं ते सांगायला हवं होतं. आत्ताच, इथेच, या उतारावर. पण आपण बोलायला गेलो तर तोच नेहमीचा आवाज निघेल, ज्याच्यापुढे त्याला जमत नाही तो, आणि आपल्याकडे दुसरा आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.