टेनिसनं वाया गेलेला वेंडेल

ब्रिसल क्रीकच्या शाळेचा बास्केटबॉल संघ हरला की दोष कुणाला द्यायचा, हे गावानं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. पंचांना नाही, खेळलेल्या पोरांना नाही, आणि कोच मर्ल हॉफस्टेटर यांना तर नाहीच नाही. दोष वेंडेल क्रुपिकाचा. आता वेंडेल त्या दिवशी मेलबर्नला असो की पॅरिसला, त्यानं काय फरक पडतो? तो गावात नव्हता, हाच तर गुन्हा.

वेंडेलची उंची सात फुटांना एक इंच कमी. दारात वाकायची सवय अंगात इतकी भिनलेली, की मोकळ्या शेतातसुद्धा तो मधूनच मान तुकवायचा. नेब्रास्काच्या मक्याच्या मुलखात, जिथे त्याच्याहून उंच म्हणजे एक धान्याचं कोठार आणि दुसरा चर्चचा मनोरा, तिथे असा पोरगा जन्माला येतो तो बास्केटबॉलसाठीच, हे लोकांचं साधं गणित. आणि या दिवट्यानं काय केलं? टेनिस धरलं!

गावानं ते कधी माफ केलं नाही. नाताळात घरी आला की पेट्रोल पंपावरची बाई त्याला कोक द्यायची आणि म्हणायची, "बर्फ नाही हं. बर्फ बास्केटबॉलवाल्यांसाठी ठेवलाय." कोच मर्ल तर त्याला पाहताच रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. सलूनच्या खुर्चीत बसून सांगायचे, "पंधराव्या वर्षी हा पोरगा दोन्ही हातांनी चेंडू वरून कोंबायचा रे जाळीत! दोन्ही हातांनी! जाळीचं लोखंडी कडं वाकायचं!" आणि ऐकणारे मान हलवून उसासे टाकायचे.

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं, आणि हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक कोच मर्ल, दुसरा वेंडेल.

झालं होतं असं. वेंडेल पंधरा वर्षांचा असताना एका रविवारी, चर्च सुटल्यावर, कोचनी त्याला शाळेच्या व्यायामशाळेत नेलं आणि दारं लावून घेतली. हा पोरगा राज्याचा चषक आणणार, असं ते तेव्हा दोन वर्षं गावभर सांगत सुटले होते. त्यांनी हौसेनं चेंडू फेकला. तो वेंडेलच्या नाकावर आपटला. दुसरा फेकला, तो त्याच्या हातात आला खरा, पण टप्पा द्यायला गेला तो स्वतःच्याच बुटावर, आणि चेंडू गडगडत बाकाखाली गेला. मग कोच म्हणाले, जाळीत टाक. वेंडेलनं टाकला. चेंडू कड्याला नाही, फळीला नाही, थेट भिंतीवरच्या घड्याळाला लागला. पुन्हा टाकला, पुन्हा घड्याळ. अर्ध्या तासात त्या पोराकडून कड्याला चेंडू शिवला नाही, घड्याळाचा मात्र मोठा काटा गळून पडला.

कोच मर्ल बाकावर बसले. 

"लेका, तुला दुसरं काही खेळता येतं का?"

"नाही, सर."

"टेनिस?"

"कधी खेळलो नाही."

"या गावात कुणालाच त्यातलं काही कळत नाही. म्हणून तर विचारतोय." कोचच्या डोळ्यांत पहिल्यांदाच जरा चमक आली. "तू उद्या सांगायचं, मला बास्केटबॉल नको, टेनिसच खेळणार. मी चिडतो. चांगला खवळतो. तुझी अब्रू राहील, माझीही राहील."

"तुम्ही किती खवळणार?"

"ते माझ्यावर सोड."

आणि ते खवळले. इतके मनापासून, की वेंडेललाच क्षणभर वाटलं, आपण खरंच चांगले खेळत होतो की काय!

शाळेत टेनिसचा संघ म्हणजे चार मुली आणि शिवणकाम शिकवणाऱ्या मिसेस थॉर्सन. बाई वेंडेलच्या कोपरापर्यंत पोचायच्या. त्यांनी त्याला पळताना एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळा, पळण्याचं काम तुझं नाही. तू उभा राहा, चेंडू वर फेक आणि हाण." वेंडेलनं हाणला. चेंडू समोरच्या चौकटीत एकदाच टेकला, कुंपणावरून गेला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या शाळेच्या बसच्या पत्र्याला पोचा पाडून थांबला. ती बस चालवायची त्याची आई, रोझेला. ती खाली उतरली, पोचा पाहिला, पोराला पाहिला आणि म्हणाली, "चला, काहीतरी जमलं म्हणायचं."

असं ते सुरू झालं. लोकांना दाखवायला धरलेला खेळ त्याचं पोट भरू लागला. आधी कॉलेज, मग व्यावसायिक स्पर्धा, मग जगभरच्या विमानांत गुडघे हनुवटीला लावून बसणं आणि हॉटेलांत पलंगाच्या टोकाला खुर्ची जोडून झोपणं. त्याची सर्व्हिस कोठाराच्या छपरावरून दगड सुटावा तशी यायची. समोरच्याला चेंडू दिसायचा नाही, आवाज तेवढा ऐकू यायचा. मात्र समोरच्याची सर्व्हिस परतवायची म्हटलं की वेंडेल भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीसारखा. त्यामुळे त्याचे सामने म्हणजे, तू तुझं जिंक, मी माझं जिंकतो, आणि शेवटी टायब्रेकमध्ये काय ते बघू. प्रेक्षक मधल्या वेळात जाऊन, जेवून, परत येऊन बसायचे. काही चुकलेलं नसायचं. पण एवढ्या भांडवलावर गडी एके काळी जगातल्या पहिल्या वीसांत पोचला होता.

ब्रिसल क्रीकला त्याचं काही नव्हतं. "वीसांत? बास्केटबॉलमध्ये पहिला असता," म्हणायचे. वेंडेलला ते लागायचं. हॉटेलात एकटा असला की वाटायचं, जाऊन सांगून टाकावं एकदाचं. पण दर नाताळाला त्याच्या मागच्या दाराच्या पायरीवर जर्दाळूच्या कोलाचींचा, म्हणजे गोड चेक पावांचा, गरम डबा कुणीतरी ठेवून जायचं. ते कुणीतरी म्हणजे कोच मर्ल, हे त्याला माहीत होतं. गावातल्या चेक बायकांच्या तोंडात मारतील असे मऊ कोलाची तो जर्मन म्हातारा करायचा. डबा रिकामा होईपर्यंत वेंडेलचा राग निवळलेला असायचा.

वेंडेल चौतीस वर्षांचा झाला, खांदा कुरकुरू लागला, क्रमवारी घसरून घसरून तळाला आली, आणि त्याच सुमारास कोच मर्ल निवृत्त व्हायला निघाले. निरोप कसा द्यायचा? हा प्रश्न गस हॅवलिकनं सोडवला. गस धान्याच्या कोठाराचा कारभारी आणि गावच्या रेडिओवर सामन्यांचं वर्णन करणारा. दोन्ही कामांत धूळ फार उडवायचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा सामना, शेजारच्या मार्लो गावाविरुद्ध. आणि कार्यक्रम सुरू असतानाच, सगळं गाव ऐकत असताना, त्यानं वेंडेलला फोन लावला.

"वेंडेल, पोरा! कोच माझ्या शेजारीच बसलेत. त्यांची एकच शेवटची इच्छा आहे. एकदा, फक्त एकदा, तू आपल्या संघातून खेळावंस. येतोस ना?"

पलीकडून कुणाला तरी जोरात ठसका लागल्याचं वेंडेलला ऐकू आलं. तो कोचचा होता.

"अहो गस, मी..."

"येतोय म्हणाला! ऐकलंत मंडळी?"

तासाभरात कोचचा फोन. "लेका, मी अशी इच्छा कधी बोललो नाही! शपथेवर सांगतो. तू लगेच काहीतरी मोडून घे."

"काय मोडून घेऊ?"

"मला काय विचारतोस? एवढा लांबलचक आहेस, काहीही मोड."

मग गुडघा ठरला. वेंडेलनं जाहीर केलं, उजवा गुडघा दुखतोय, इलिनॉयची स्पर्धा कशीबशी खेळतो, पुढे विश्रांती. गाव हळहळलं. कोचनी सलूनमध्ये डोळे पुसले. सगळं सुरळीत होतं.

पण ही गुडघ्याची बातमी इलिनॉयमध्येही पोचली. समोरच्या प्रत्येक पोराच्या प्रशिक्षकानं त्याला तेच शिकवलं: म्हातारा लंगडा आहे, चेंडू जाळीपाशी हळूच टाक, पळव त्याला. आयुष्यभर वेंडेलशी कुणी असं खेळलं नव्हतं. पोरं हळूच चेंडू टाकायची, वेंडेल दोन ढांगांत जाळीपाशी आणि ते लांब हात पसरून उभा. मग चेंडूला जायला जागाच कुठे? मागे राहून झोडपलं असतं तर तो पहिल्याच दिवशी घरी गेला असता. तो जिंकत गेला. त्याला कळेना, हसावं की रडावं. अंतिम सामन्यात तर शेवटच्या गुणाला, एरवी वाकून बुटाची नाडी बांधायचा कंटाळा करणारा हा माणूस, आडवा झेपावला, चेंडू पलीकडे पाडला आणि आनंदाच्या भरात जाळी ओलांडून गेला. त्याची गोष्ट निराळी, त्याला उडी मारावी लागत नाही. पण टीव्हीवर ती उडीच दिसली.

चार वर्षांनी मिळालेला चषक हातात घेऊन उभा असताना त्याला एकदम आठवलं. गुडघा!

गसनं रेडिओवर सांगितलंसुद्धा: "सेंट वेन्सेस्लॉस चर्चच्या मंडळींनी केलेल्या प्रार्थनेला यश आलं! गुडघा बरा झाला! शनिवारी भेटू!"

शुक्रवारी सकाळी कोच मर्ल मागच्या दारानं क्रुपिकांच्या स्वयंपाकघरात आले. वेंडेल टेबलापाशी तोंड पाडून बसला होता.

"तुला जिंकायला सांगितलं होतं कुणी?" कोच कुजबुजले.

"मी काय करू? ते हरत होते!"

"मी तुला बाकावरच बसवून ठेवतो. म्हणतो, हुकमाचं पान आहे, शेवटी काढू."

"आणि शेवटी?"

"शेवटी वेळ संपते."

इतक्यात रोझेला आत आली.  तिनं कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. "चालू द्या. मी सगळं ऐकलंय, आणि आधीपासून ठाऊकही आहे."

"आई, तुला काय ठाऊक आहे?"

"अरे, तुझा मळका मोजा आजवर कधी टोपलीत पडला नाही. टोपली दोन हातांवर असते. आणि तू म्हणे दोन्ही हातांनी कोंबायचास!" ती कोचकडे वळली. "मर्ल, निदान एका हातानं म्हणायचं होतंस."

शनिवारी व्यायामशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. वेंडेलच्या मापाचे कपडे न मिळाल्यानं दोन बनियन जोडून शिवलेला एक त्याच्या अंगात होता. मिसेस थॉर्सननी ऐंशीव्या वर्षी तो हौसेनं शिवला होता. सामना सुरू झाला, मध्यंतर झालं, कोच त्याला उठू देईनात. लोक पाय आपटू लागले. "वेंडेल! वेंडेल!" कोच बोट उंचावून सांगत, "थांबा! हुकमाचं पान!" शेवटची पाच मिनिटं उरली, ब्रिसल क्रीक दोन गुणांनी पुढे, आणि पेट्रोल पंपावरच्या बाईचा नवरा घोटा मुरगळून खाली बसला. बाकावर दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

वेंडेल उठला. छप्पर उडेल असा गजर झाला. कोचनी त्याचं कोपर घट्ट धरलं आणि तोंड न हलवता म्हटलं, "चेंडूपासून लांब राहा."

पण चेंडू त्याला शोधत आला. पहिला त्याच्या दोन पायांमधून गेला. दुसरा हातात आला, त्यानं टप्पा दिला, बुटावर. तिसरा त्यानं अगदी सभ्यपणे मार्लोच्या माणसाला दिला, कारण तो ओळखीचा वाटला. मग आपल्याच दोघांना आडवं केलं. गजर हळूहळू विरला. पंधरा-वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो सामन्यात काय करतोय, हे गाव तोंड उघडं टाकून पाहत होतं. एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, हा काका आजारी आहे का?"

मार्लो एका गुणानं पुढे गेला. शेवटच्या क्षणी आपल्याच बाजूला, कड्याखाली, वेंडेलच्या हातात चेंडू आला. सगळे ओरडले, "टाक! टाक!" त्याचं डोकं बंद पडलं आणि खांद्यानं कारभार हाती घेतला. डाव्या हातानं त्यानं चेंडू वर उडवला, पाठ वाकवली आणि उजव्या पंजानं जो हाणला, तो चेंडू आख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या टोकाला वर्णन करत बसलेल्या गसच्या टेबलावर पडला. मायक्रोफोन एकीकडे, कॉफी दुसरीकडे, गस खुर्चीखाली. भोंगा वाजला. ब्रिसल क्रीक हरलं.

अशी शांतता त्या व्यायामशाळेत रविवारीसुद्धा नसे.  वेंडेलनं जाऊन खाली पडलेला मायक्रोफोन उचलला. आता नाही तर कधीच नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "मला बास्केटबॉल येत नाही. आज नाही, तसा पूर्वीही कधी येत नव्हता. ती सगळी थाप होती."

 तेवढ्यात कोच मर्ल बाकावर चढले. डोळ्यांत पाणी होतं. ते हसू दाबल्याचं आहे हे फक्त रोझेलाला दिसलं.

"पाहिलंत?" ते गरजले. "पाहिलंत टेनिसनं काय केलं याचं? सोन्यासारखा पोरगा! आणि वर मला दोष लागू नये म्हणून स्वतःवर घेतोय सगळं!"

एक मोठा उसासा उठला. मग टाळ्या. बायका रुमाल शोधू लागल्या. गस खुर्चीखालून बाहेर आला, त्यानं कॉफीनं भिजलेला हात वेंडेलच्या हातात दिला आणि म्हणाला, "मन मोठं आहे रे तुझं. आम्ही फार छळलं तुला."

"गस, मी खरं सांगतोय."

"हो हो. कळतं आम्हाला."

पेट्रोल पंपावरची बाई आपल्या पोरांना बजावत होती, "बघा, टेनिस खेळलं की असं होतं."

वेंडेलनं दोन-तीनदा आणखी प्रयत्न केला. जितकं सांगावं तितके लोक त्याच्या पाठीवर थोपटत. ज्यांचा हात पाठीपर्यंत पोचत नव्हता ते कमरेवर. शेवटी त्यानं नाद सोडला, आणि सोडल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. खरं बोलून झालं होतं. न मानणं हे ज्याचं त्याचं.

बाहेर गाडीपाशी कोच भेटले. थंडीत दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

"तुम्ही फार निर्लज्ज आहात, कोच."

"पस्तीस वर्षं पोरं सांभाळलीत, लेका. लाज कुठली उरतेय?" मग जरा घुटमळून म्हणाले, "इलिनॉयचे सगळे सामने मी पाहिले. घरात, पडदे ओढून. ती जी तुझी शेवटची झेप होती ना... मी खुर्चीतून उठलो होतो."

एवढ्या वर्षांत कुणा गाववाल्यानं त्याच्या टेनिसबद्दल काढलेले ते पहिले चांगले शब्द.  वेंडेलनं उगाच मान तुकवली. वर आभाळाशिवाय काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं स्पर्धा सोडल्या आणि शाळेमागच्या मैदानावर पोरांना सर्व्हिस शिकवायला लागला. पहिल्या आठवड्यात कुणीच फिरकलं नाही. दुसऱ्या सोमवारी सकाळी कोच मर्ल आले. नवी कोरी रॅकेट, पांढरी अर्धी चड्डी, आणि पाय असे, की ते कधी उन्हात आले नसावेत.

"कुणाला सांगायचं नाही," ते म्हणाले.

"कोच, मैदान रस्त्याला लागून आहे."

"मग लोक म्हणतील, तुला परत बास्केटबॉलकडे वळवायला येतो. म्हणू देत." त्यांनी चेंडू वर उडवला, जोर लावून रॅकेट फिरवली, आणि चेंडू मागे, त्यांच्याच टोपीवर पडला.

वेंडेलनं चेंडू उचलून त्यांच्या हातात दिला. "पुन्हा," तो म्हणाला.