खालच्या खणातला दांडका

विमानतळावर मला सगळे दांडका म्हणत. पण मित्रांनो, मी आयुष्यात कुणालाही मारलेले नाही. मी माणसांच्या अंगाजवळून फिरायचो आणि धातू लागला की वाजायचो. आता मी म्हातारा झालो आहे आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात राहतो.

कारखान्यात एका तपासनीसाने मला पितळी चकतीवरून फिरवले. मी वाजलो. त्याने माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली. माझी पहिली शाबासकी तीच.

विमानतळावर माझी नेमणूक महिलांच्या तपासणीच्या पडद्याआड झाली. तिथे ताई होत्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या. ड्यूटी सुरू होताना त्या मला स्वतःच्या घराच्या किल्ल्यांवरून फिरवत. मी वाजलो की म्हणत, "चला, उठला." ड्यूटी संपली की माझ्या पोटातला चौकोनी सेल काढून ठेवत, कारण आत राहिलेला सेल गळतो. अकरा वर्षांत त्यांनी हे एकदाही चुकवले नाही.

एक आजी दर दोन-तीन महिन्यांनी विमानाने लेकीकडे जात. त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशी मी हटकून बोंबलायचो.

"अगं, तुझ्या या दांडक्याचं माझ्याशी काय वाकडं आहे?"

"आजी, गुडघ्यात स्टील बसवून आलात, तो तरी काय करणार?"

"मग एकदाच सांगून ठेव ना त्याला. दर वेळी किती उभी राहू?"

हात पसरून उभे राहताना आजींचे पाय थरथरत. एके दिवशी आजी गेल्यावर ताई डबा खायला बसल्या. खाता खाता त्यांनी वहीत एका दाराचे चित्र काढले. त्यातून माणूस न थांबता चालत जाईल आणि आजींचा गुडघा त्याला एकदा सांगितला की पुरे.

ते दार तयार व्हायला चार वर्षे लागली. ताईंनी परीक्षा दिल्या, अधिकारी झाल्या, कंपनीच्या इंजिनिअरांशी भांडल्या. शेजारच्या रांगेत तपासणी करणारे दादा चिडवत, "ताई, दार आलं की दांडक्याला पेन्शन लावा हं!" सगळे हसत. मला हसता येत नाही.

मग दार पाहायला मोठे साहेब येणार असे ठरले. ते चालले तरच राहणार होते, नाहीतर ताईंची चार वर्षे पाण्यात. आदल्या दुपारी दार चाचणीच्या खोलीतून आणून रांगेत बसवले आणि ते प्रत्येकालाच अडवू लागले. दादांनी पट्टा काढला, बूट काढले, खिसे उलटे केले. तरी लाल दिवा.

"आता काय कातडी काढू?" दादा म्हणाले.

इंजिनिअर संगणकात डोके घालून बसले. चाचणीच्या खोलीत नीट चालणारे दार इथेच अडते, हे ताईंनी हेरले. मग पडद्याआड आल्या, माझ्यात सेल घातला, किल्ल्यांवर मला वाजवून पाहिले आणि गुडघ्यांवर बसून गालिच्यावरून फिरवू लागल्या. दाराच्या उजवीकडे मी जोरात वाजलो. गालिचा उचलला, तर खाली हातभर रुंद लोखंडी झाकण! जुन्या तारांच्या खड्ड्यावरचे. जागा मोजणाऱ्यांनी गालिच्याखाली पाहिलेच नव्हते.

"शाबास रे माझ्या राजा!" ताई म्हणाल्या.

मी गप्प राहिलो असतो, तर दार गेले असते आणि मी राहिलो असतो. हे मला तेव्हाही कळत होते. पण समोर धातू असताना गप्प बसणे मला कुणी शिकवलेले नाही.

दार चार पावले सरकवले. दुसऱ्या दिवशी ताईंनी आजींना मुद्दाम बोलावून घेतले होते. साहेबांसमोर आजी दारातून चालत गेल्या आणि पलीकडे पोचल्यावर वळून म्हणाल्या, "झालं? एवढंच?"

साहेबांना दार पसंत पडले आणि संध्याकाळपर्यंत आमचा पडदा उतरवला गेला. साहेब हाका मारत होते, म्हणून ताईंनी मला घाईने खणात ठेवले. सेल आतच राहिला. मला वाटले, मुद्दाम ठेवला असेल, उद्या लागेन. तेव्हापासून मी बाहेरची पावले ऐकतो. ती आता कुठेच थांबत नाहीत. सेल गळू लागला आहे आणि माझी एक तार हिरवी पडली आहे.

ताईंवर माझा राग नाही. दार चांगले आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरीही एखाद्या खणात जुना टॉर्च असेल, रेडिओ असेल. आज तो खण उघडा आणि सेल काढून ठेवा. काढण्याआधी एकदा बटण मात्र दाबा. आतले कुणी वाट पाहत असेल, तर निदान कुणीतरी आले होते, एवढे त्याला कळेल.