दर्याकाठचं गोडं पाणी

काळ्या दगडाच्या पोटातले ते पांढरे काटे आज पुन्हा धुळीनं भरले होते. रंभाबाईनं दगड फळीवरून उचलला, पदराच्या टोकानं पुसायला गेली तर लुगड्याचा एक धागा काट्यात अडकून ओढला गेला... जाऊ दे. कोकणातून आणलेला मुठीएवढा दगड, बाहेरून कोळशासारखा, आणि आत पोकळीत सुयांचा झुबका. आधी तिला वाटलं होतं, समुद्राचं मीठच गोठून बसलंय त्यात. मीठ नव्हे ते, तिच्या मास्तर नवऱ्यानं, चंपतरावांनी सांगितलं होतं – हा दगड एके काळी तापून वितळलेला रस होता, थंड होताना त्यात बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांमधून मागाहून पाणी झिरपत राहिलं, आणि पाण्यानंच हे काटे वाढवले. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा दगडसुद्धा हाच. कोकणापासून इथपर्यंत एकच पसरलाय. दगडांचं बरं असतं, तिला तेव्हा वाटलं होतं, आणि आज पुन्हा वाटलं.

कारण आज दुपारी येसू येणार होती.

सकाळी टोपी डोक्यावर चढवता चढवता, जणू काही भाजी आणायची आठवण करून द्यावी तसं चंपतराव म्हणाले होते, "तुझी येसूबाय येऊन राहिली आज दुपारी. पोरगा अजनीले रेल्वेच्या इंजिनावर लागला आहे तिचा. सुनेच्या बाळंतपणासाठी आली. काल शाळेत येऊन सांगून गेला तो."

"काल? आणि मले आज सांगता?"

"काल सांगितलं असतं तर तू रात्रभर जागली असती."

हे मात्र खरं. पण मग तिनं विचारलं, दुपारी असाल ना घरी, सकाळचीच तर शाळा आहे, तेव्हा मास्तरांना एकदम पेपर आठवले. तपासायचे राहिलेत, शाळेतच बसतो म्हणाले. दारापर्यंत गेले, वळले, "तू करशील ते बरोबरच करशील," म्हणाले, आणि चपला सरकवून चालते झाले. वा रे वा. ज्याचा जीव वाचला तो पेपर तपासणार, आणि पाणी द्यायचं ते मी.

पाणी... सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

सासूबाईंना सांगावंच लागलं. कौशल्याबाई ओसरीवर पाय पसरून वाती वळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वात वळायची थांबवली नाही. मग उठून आपल्या पेटीतून एक नवं कोरं नागपुरी लुगडं काढून आणलं, रुंद लाल काठाचं, स्वतःसाठी ठेवलेलं. "हे दे तिले. तिनं माह्या पोराले जगवलं, मले मालूम नाही का? मी काही दगड नाही वं." आणि लुगड्याची घडी गुडघ्यावर सारखी करत, तितक्याच मायेनं – "संत्री दे. पोटभर दे. फळाले विटाळ नसते. पण कोळीण आहे ते, पाणी मागितलं तर वरून वाढजो. पायरीवर बसव. गल्ली पाहते सारी."

यात रागवण्यासारखं काय होतं? रंभाबाईला राग यावा असं वाटत होतं, म्हणजे सोपं गेलं असतं, पण समोर ते लुगडं होतं. सासूबाईंनी त्यांच्या जवळचं सगळ्यात चांगलं दिलं होतं. फक्त एक तांब्या तेवढा मागे ठेवला होता.

टोपलीतली संत्री ती एकेक पुसून परातीत रचू लागली. फाल्गुन संपत आला तरी साल अजून घट्ट होती. नखानं जरा दाबलं की वासाचा बारीक फवारा डोळ्यांत... तिथं, कितीतरी वर्षांपूर्वी त्या समुद्रकाठच्या गावात, कसला वास होता? सुकत्या मासळीचा. पहिले काही दिवस तिला अन्न गेलं नव्हतं. चंपतरावांना तर तसंही जात नव्हतं. छातीचं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, आणि डॉक्टर म्हणाले समुद्राची हवा. नागपूरच्या माणसाला समुद्राची हवा म्हणजे कुठं जावं? शाळेतल्या कुणाच्या तरी ओळखीनं देवगडच्या अलीकडं एका गावात घर मिळालं. मुंबई, मग बोट, मग बैलगाडी – आणि ती गाडी ज्या माळावर चढली तो माळ बघून तिचं धाबंच दणाणलं होतं. सडा म्हणतात त्याला तिकडं. लाल, करपलेला, भोकाभोकांचा दगड, नजर जाईल तिथवर, एक झाड नाही, पाण्याचा टिपूस नाही. माणूस बरा व्हायला आणलाय की पोचवायला, असं तिनं मनातल्या मनात विचारलं होतं – कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आणि त्याच सड्याच्या पोटात पाणी होतं! ओसरीवर खाटेवर पडल्या पडल्या चंपतरावांनी तिला कौलाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून दाखवलं होतं. दुखण्यातही मास्तरकी सुटली नव्हती. हा वरचा जांभा, भोकाचा, गाळणीसारखा; पाऊस यात जिरतो. खाली चिकणमातीचा थर, त्याच्याखाली काळा दगड. तो पाणी पीत नाही. मग पाणी आडवं चालतं... अंधारात, हळूहळू, दोन दगडांच्या मधून, महिनोन् महिने, आणि सडा संपतो तिथं, कड्याच्या पायथ्याशी, अगदी समुद्राच्या तोंडाशी बाहेर येतं. गेल्या आषाढात वर पडलेला पाऊस तू आज पितेस, ते म्हणाले होते, आणि त्यांना खोकल्याची ढास लागली होती. त्या ढाशेच्या आवाजातच ती घागर घेऊन कड्यावरची पायऱ्यांची पाखाडी उतरली होती. घरमालकाची विहीर त्या दिवशी तळाला गेली होती, पाणी आणणारी बाई आली नव्हती, आणि खाटेवरचा माणूस तापानं फणफणलेला.

खाली काळ्या खडकाची मोठी थोरली पायरी समुद्रात शिरलेली. त्यात एक कुंड, चार घागरी शेजारी शेजारी मावतील एवढंच तोंड, पण खोल. भरतीला समुद्र येऊन ते गिळतो, ओहोटीला सोडून जातो. मग कड्यातून येणारं गोडं पाणी वर साचू लागतं, हळूच, खालच्या खाऱ्याला न दुखवता. खारं जड, ते तळाशी बसून राहतं. भोवती बाया बसल्या होत्या रांगेनं, हातात करवंट्या. रंभाबाईला वाटलं, ओळखीपाळखीच्या गप्पा चालल्यात; गोडं पाणी वर साचायची वाट बघतायत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिनं वाकून, आपल्या नागपूरच्या विहिरीत सोडतात तशी, ती भली मोठी पितळी घागर बुडवली. चांगली गळ्यापर्यंत. डुबुक.

कुणी ओरडलं नाही... ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली. तळाचं सगळं मीठ वर आलं होतं. बाया एकमेकींकडे बघत उठल्या, रिकाम्या करवंट्या रिकाम्या मडक्यात टाकल्या आणि कड्याला लागल्या. दिवसभराचं पाणी गेलं होतं साऱ्या वस्तीचं. ती तिथंच मटकन बसली. घरी ताप, घागरीत खारं, आणि परका समुद्र समोर बेफिकीर पसरलेला. मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले, लाज न बाळगता, लग्नात आईपासून निघतानाही रडले नव्हते तशी.

एकच बाई मागे राहिली होती – येसू. उंच, काळीसावळी, कासोटा घातलेली, कानाची पाळी फाटलेली. "रडतंस कित्याक गो?" ती म्हणाली. "दर्या परत येतलो, सगळा साफ करतलो." आणि मनगटाला धरून तिनं रंभाबाईला उठवलं, वर आपल्या खोपटात नेलं. तिथं कोपऱ्यात मडकं. कालचं, करवंटीकरवंटीनं वेचलेलं. ते तिनं उचललं, रंभाबाईच्या घागरीवर तिरपं केलं, आणि मग एकदम थांबली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला. "चलात मा तुमका?"

चालेल ना तुम्हाला.

केवढा प्रश्न होता तो. कोळणीच्या घरचं पाणी. रंभाबाईच्या माहेरी, कळमेश्वराला, नुसत्या सावलीवरून घागरी ओतून दिलेल्या तिनं पाहिल्या होत्या. तिनं घागर दोन्ही हातांनी धरून पुढं केली फक्त. पाणी पडू लागलं तसं तिला दिसलं, मडक्यात तळाला काहीच उरत नव्हतं. येसू पूर्ण ओतून टाकत होती. तिची पोरंबाळं त्या दिवशी काय प्यायली असतील? हे तेव्हा सुचलंसुद्धा नाही. हे नंतर, नागपूरला परत आल्यावर, एकदा तांदूळ धुताना सुचलं आणि हात पाण्यातच राहिला.

चंपतरावांना तिनं तसंच सांगितलं होतं, कुणाच्या घरचं ते. ते घटाघट प्यायले आणि म्हणाले, गोड आहे. बाकी काही नाही. नंतर येसूनं तिला करवंटीनं पाणी घ्यायला शिकवलं – मनगट सैल, करवंटी आडवी, पाण्याला कळताच कामा नये की कुणी घेतंय. वस्तीतल्या बाया तिला "घागरवाली" म्हणून चिडवायच्या, आणि ती चिडायची, आणि मग सगळ्या मिळून हसायच्या. हळूहळू ताप उतरला. एक दिवस चंपतराव स्वतः काठी टेकत पाखाडी उतरून आले, खडकाच्या पोकळ्यांत बोटं घालून बघू लागले, आणि येसू म्हणाली, मास्तर बरो झालो, आता दगड मोजूक लागलो...

"रंभे, कोणी आलं वं दारात," सासूबाईंनी ओसरीवरून हाक दिली.

येसू फाटकापाशी उभी होती. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. अजनीपासून उन्हातून चालत आली होती, पायांवर धूळ, हातात पानात गुंडाळलेलं काहीतरी. सुकट असणार, वासावरूनच कळलं, आणि सासूबाईंच्या नाकालाही कळलंच असेल. रंभाबाई पुढं झाली. काय बोलावं... कितीतरी ठरवलं होतं. "आली का गा बाई," एवढंच बाहेर पडलं, तेही 'वं'ऐवजी चुकून 'गा', बाप्याला म्हणावं तसं, आणि येसू तोंडभर हसली.

"या, वर या," रंभाबाई म्हणाली. पण येसूनं एकदा ओसरीकडे पाहिलं, वाती वळणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं, आणि ओसरीखालच्या पायरीवर आपणहून बसली. सहज. तिथंच बसायला आल्यासारखी. "हयच बरा. वारो लागता."

वारा कुठला नागपुरात या दिवसात! झाडाचं पान हलत नव्हतं.

सासूबाई चांगलं बोलल्या. अगदी मनापासून बोलल्या. पोराबद्दल विचारलं, सुनेचे दिवस विचारले, लुगडं आणवून स्वतः ओंजळीत घातलं, आणि म्हणाल्या, "बाई, तुह्यामुळे माह्या घरात दिवा आहे." डोळ्यांना पदर लावला. येसूही पदर लावून बसली. तिनं संत्री खाल्ली, साली एका बाजूला नीट रचून ठेवल्या. मास्तर कुठं विचारलं. शाळेत, म्हटल्यावर मान डोलावली. सगळं कसं छान चाललं होतं. रंभाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरत होता. संत्र्यांनी काम केलं होतं, ती आता उठेल, मी तिला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवीन, आणि संपलं...

"वायच पाणी दी गो," येसू म्हणाली.

रंभाबाई आत गेली. घडवंचीवरच्या माठातून तांब्या भरून घेतला, फुलपात्र घेतलं, आणि बाहेर आली तर – येसू ओंजळ धरून बसली होती. मान किंचित तिरपी, कोपरं गुडघ्यांवर, दोन्ही तळवे जुळवून ओठांशी नेलेले. वरून घालणाऱ्याचा हात लागू नये म्हणून ती आणखी एक पायरी खाली सरकली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही मला पुन्हा सोडवतेय. तेव्हा घागरीवर मडकं धरून मला विचारलं होतं, चालेल ना. आज विचारायचीही वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून हात जोडून बसलीय. माझं अडलेलं तिला दिसलं, आल्या आल्या दिसलं, आणि तिनं ते आपल्या अंगावर घेतलं. हिच्या उपकारांना तळ आहे की नाही? आणि मी आयुष्यभर काय करत आले – सणावारी तिची आठवण काढली, चार जणींत तिचं कौतुक सांगितलं, डोळे भरून आणले. किती स्वस्तात.

रंभाबाई पायऱ्या उतरली. येसूच्याच पायरीवर, तिच्या शेजारी, दगडावर टेकली. ऊन त्या पायरीवर चांगलंच तापलेलं होतं, लुगड्यातून चटका बसला. तिनं फुलपात्र काठोकाठ भरलं आणि येसूच्या ओंजळीपुढं धरलं. वरून नव्हे, हाताशी हात.

"हातात घे," ती म्हणाली.

येसूची ओंजळ सुटली नाही. तिनं रंभाबाईकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून ओसरीकडे. ओसरीवर काय चाललंय ते रंभाबाईला दिसत नव्हतं. वात वळताना मांडीवर तळवा घासल्याचा आवाज मात्र थांबला होता. समोरच्या घराची खिडकी उघडी होती. उद्या काय होईल, सासूबाई आजपासून कुठल्या माठातलं पाणी पितील, बोलतील की नाही, काही सांगता येत नव्हतं, आणि त्याची भीती होतीच. पण तिच्याही खाली दुसरंच काहीतरी भरून येत होतं... येसूला तहान लागली होती. उन्हातून चालून आलेल्या या बाईला तहान लागली होती, आणि तिनं पाणी मागितलं होतं, माझ्याकडे मागितलं होतं. देवा, किती बरं झालं की तिनं मागितलं.

हात अवघडून आला. तिनं तो खाली घेतला नाही.