कुणाच्याच बाजूचा नसलेला बावटा

मी जहाजाचा बावटा बोलतोय. माझा जन्म शारजात, शौकत दर्जीच्या दुकानात झाला. ज्या देशाचा मी बावटा, तो देश शौकतनेही पाहिला नव्हता. जहाजाच्या मालकाने रंगांचा कागद दिला, त्याने त्याबरहुकूम कापड जोडलं. कुठलंसं एक बेट आहे, एवढंच मला माहीत.

मालकाने जहाजाच्या नोंदणीसाठी हा देश निवडला तो एका गुणासाठी. तो कुणाच्याच भानगडीत नसे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, आखातात फौजा जमू लागल्या, तेव्हाही माझ्या देशाने जाहीर केलं की आम्ही तटस्थ.

जहाजाचं नाव 'रंभा'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. गंज खरवडला की खाली आणखी गंज निघायचा. वसईचे रॉक तिचे कॅप्टन आणि पुण्याचे सदानंद चीफ इंजिनियर. तिचं म्हातारं इंजिन फक्त सदानंदांचं ऐकायचं.

समुद्रावरचा वारा बावट्याची कड कुरतडतो. म्हणून दर फेरीनंतर सदानंद मला शारजातल्या अल मजाज भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणत. त्यांची बायको साधना फाटकी कड कापून, दुमडून, मशीनवर टीप मारून देई. बावटा वर फडकत असला की माणसं छाती काढून बोलतात. तोच मांडीवर पडलेला असला की जरा खरं बोलतात.

सप्टेंबरात 'रंभा' सौदीच्या दम्मामला कांदे-बटाटे घेऊन निघाली.

"अहो, तिथे फौजा उतरल्यात ना?" साधनाने विचारलं.

"असतील. कांदे काय फक्त फौजच खाते? आपण न्यूट्रल शिप आहोत. लष्कराचं सामान चढलं की खलास, त्याच दिवशी मी उतरतो. प्रॉमिस."

आठ वर्षांची मैथिली अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "आय हर्ड दॅट, बाबा."

पुढच्या फेरीला पिण्याचं पाणी होतं. ते लष्करी छावणीत जाणार, हे बंदरातल्या हमालांनाही ठाऊक होतं. "पाण्याला कसली आलीय बाजू?" सदानंद म्हणाले. साधनाला ते पटलं. तहान सगळ्यांनाच लागते. त्यानंतर तंबू आणि बूट गेले. "तंबू काय गोळ्या झाडतो?" ते म्हणाले, पण या वेळी तिच्याकडे न बघता. टीप मारताना तिची सुई मोडली. तिने दुसरी लावली.

जानेवारीत युद्ध पेटलं. त्याच आठवड्यात 'रंभा'वर सीलबंद खोकी चढली. कागदावर लिहिलं होतं, जनरल कार्गो.

"आत काय आहे?"

"सील आहे गं. आम्हाला विचारता येत नाही."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"मी उतरलो तर रॉक कुणाला तरी नवख्याला घेऊन जाईल. ते इंजिन भर समुद्रात बंद पडलं तर सगळे मरतील. ही लास्ट ट्रिप, इन्शाल्ला."

साधनाने मला मांडीवर घेतलं आणि फाटकी कड कापली. मग तिने मशीन चालवलं.

समुद्रात सुटलेल्या सुरुंगाला बावटा वाचता येत नाही. सकाळी आठला तो 'रंभा'च्या पोटाला लागला. रॉकनी दोरी कापून मला शर्टात कोंबलं आणि माणसांना होडीत उतरवलं. इंजिनरूममधून कुणीच वर आलं नाही.

माझ्या देशात, ज्याने 'रंभा' कधी पाहिली नव्हती, तिथे बातमी गेली की आपल्या जहाजावर हल्ला झाला. लोक रस्त्यावर आले. तीन दिवसांत सरकारने तटस्थता सोडली आणि चाळीस सैनिक आखाताकडे पाठवले.

त्या देशाचे इथले प्रतिनिधी अलीमियाँ नावाचे गालिच्यांचे व्यापारी होते. ते रेशमी नवा बावटा आणि सरकारचं पत्र घेऊन फ्लॅटवर आले. "बहनजी, आपके पति के लिए हमारा मुल्क जंग में उतरा है."

"वहाँ कोई इनको जानता था?"

"नहीं, बहनजी."

"तो उन चालीस लोगों को वापस बुलाइए. उनके भी घर होंगे."

अलीमियाँनी पत्र टेबलावर ठेवलं. सैनिकांना परत बोलावणं त्यांच्या हातात नव्हतं. रेशमी बावटा तिने परत दिला. रॉकनी आणून दिलेला मी मात्र राहिलो.

आज २००३ साल आहे. साधना शारजाशेजारच्या अजमानला लहान घरात राहते आणि मी तिच्या कपाटात. टीव्हीवर पुन्हा इराक आहे. माझा देश पुन्हा तटस्थ आहे, फक्त पाणी पुरवतोय म्हणे. ते ऐकून परवा तिने मला बाहेर काढलं आणि नोकरीला लागलेल्या मैथिलीला म्हणाली, "खोक्यांत काय होतं ते मला कळलं होतं गं. तरी मी टीप मारून दिली."

"आई, इट वॉजन्ट यू," मैथिली म्हणाली. साधनाने माझी घडी घातली.

मला तिची फार दया येते. पण मीही फडकलोच होतो, तेव्हा तिला दोष कोणत्या तोंडाने देऊ? तुम्हाला एवढंच विनवतो. उद्या कुणी माझ्यासारखा फाटका बावटा घेऊन तुमच्या दारी आला आणि म्हणाला, आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, तर आधी विचारा, आत काय आहे. उत्तर मिळेपर्यंत सुईत दोरा ओवू नका.