आपलं हे

धाकटीचं वय चोपन्न, पण घरात तिला अजून धाकटीच म्हणत. पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. तीस वर्षं लाल पेन हातात धरून तिचा कान असा काही तिखट झाला होता, की कागदावरच्या चुका सोडाच, माणसांच्या तोंडातल्या चुकाही तिला दाताखाली खडा यावा तशा लागायच्या. ‘माझी मदत कर’ असं कोणी म्हणालं, की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती म्हणायची, “मला! मला मदत कर.” ‘आपण सुरू करूयात’ ऐकलं, की “त्या शेवटच्या ‘त’चं काय लोणचं घालायचंय?” ‘परत रिपीट करा’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे जाणं तिने कायमचं सोडलं होतं. वहिनी तर तिच्याशी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा घोकून घ्यायची.

पण सगळ्यांत जास्त तिच्या डोक्यात जायचा तो तिचा सख्खा थोरला भाऊ. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. हात असे चालायचे की बघत राहावं, आणि तोंड मात्र हातांच्या मागून धापा टाकत यायचं.

“धाकटे, ते आपलं हे दे ना.”

“हे म्हणजे काय?”

“अगं, हे गं! आपलं हे!”

आणि बोट कधी पकडीकडे, कधी चष्म्याकडे, कधी नुसतंच हवेत.

“दादा, जगातल्या प्रत्येक वस्तूला नाव आहे. फुकट मिळतं. वापरून बघ कधीतरी.”

“तुला कळलं ना? मग झालं तर, तपासनीसबाई!” असं म्हणून तो खो खो हसायचा. ही ‘तपासनीस’ पदवी त्यानेच तिला दिली होती.

एके दिवशी सकाळी दाढी करता करता दादा आरशासमोरच कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली आणि वाचा गेली. अकरा दिवस त्याच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. बाराव्या दिवशी वहिनी त्याच्या मानेखालची उशी सारखी करत होती, तेव्हा त्याचे ओठ हलले.

“आपलं हे,” दादा म्हणाला.

वहिनीला रडू आवरेना. धाकटीही रडली. पण पुढचे चार दिवस गेले, आठवडा गेला, आणि त्या दोन शब्दांपलीकडे काही येईना. नाव काय? आपलं हे. पाणी हवंय? आपलं हे. धाकटीने ओल्या डोळ्यांनी हे सगळं पाहिलं, आणि तरी मनातल्या मनात ती चिडलीच. भाषेत एवढे शब्द, आणि मागे उरावेत ते नेमके हेच? या विचाराची तिला इतकी लाज वाटली, की तिने तो कुणाला कधी सांगितला नाही.

दादा-वहिनी सहाव्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यांत वरच्या, आणि धाकटी त्यांच्या शेजारच्याच दारात. वहिनी दिवसभर कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला. म्हणून धाकटी आपले कागद उचलून दादाकडे येऊन बसायची. आठवड्यातून दोनदा त्याला बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. वहिनीने त्यांचं नाव पाडलं होतं शिकवणीच्या बाई. चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या, हातात चित्रांच्या पत्त्यांची पेटी.

“बाई, हेच दोन शब्द का?” धाकटीने एकदा त्यांना दाराबाहेर गाठून विचारलं.

“सवयीचं बोलणं कधी कधी असं शिल्लक राहतं,” बाई म्हणाल्या. “ते जुळवावं लागत नाही, आपोआप येतं. बोलायचं काय ते त्यांच्या मनात असतं हो. फक्त तोंडापर्यंत हेच पोचतं. तुम्ही शब्द ऐकू नका. ते कसं म्हणतात ते ऐका.”

शब्द ऐकू नका! तीस वर्षं शब्दांवर पोट भरलेल्या बाईला हे कोणी सांगावं? धाकटीने मान हलवली आणि आत जाऊन पुन्हा कागदात डोकं घातलं.

मग तो मंगळवार उजाडला. सकाळचे अकरा वाजले होते. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, धाकटी एका जाडजूड प्रवासवर्णनातले ऱ्हस्व-दीर्घ सरळ करत होती. बाहेर लिफ्टची घरघर सुरू झाली, वर वर येऊ लागली, आणि मध्येच खट् करून थांबली. दादाची मान ताडकन वळली. धाकटीला काही विशेष वाटलं नाही. क्षणभराने खालून आवाज आला.

“कोणी आहे का? मी अडकलेय! माझी मदत करा!”

मला मदत करा, असं धाकटीच्या मनाने त्याही घडीला म्हटलंच. मग तिला शिकवणीच्या बाईंचा आवाज ओळखू आला आणि ती धडपडत उठली.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दारांची. सहाव्या मजल्याच्या जाळीतून खाली पाहिलं तर काळोखात दोर लोंबताना दिसत होते, आणि खूप खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, डब्याचं छप्पर. धाकटीने लिफ्टच्या कंपनीला फोन लावला. माणूस निघेल, पण यायला दीड-दोन तास. चौकीदार जागेवर नाही. बिऱ्हाडं सगळी कामाला गेलेली.

“बाई, दोन तास लागतील. जरा दम धरा!” ती ओरडली.

“दोन तास? मला नाही जमणार हो! मला बंद जागेत... मला श्वास...” पुढचं ऐकू आलं नाही. नुसता जाळी हलवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात मागून काठीचा ठोका ऐकू आला. दादा खुर्चीतून एकटा उठून दारापर्यंत आला होता. भिंतीला खांदा लावून तो जाळीपाशी पोचला, कपाळ तिच्यावर टेकवलं आणि खालच्या काळोखात म्हणाला,

“आपलं हे.”

धाकटीला वाटलं, झालं, आता हा काय सांगणार? पण त्याने ते पुन्हा म्हटलं, हळू, लांबवत, तापलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. “आपलं... हे. आपलं... हे.” जाळीचा खडखडाट थांबला.

“दादा? तुम्ही आहात का?” खालून बाईंचा आवाज आला.

“आपलं हे!” म्हणजे, मी नाही तर कोण?

आणि खालून रडवेलं हसू ऐकू आलं. धाकटी थक्क होऊन भावाच्या पाठीकडे बघत राहिली. आत्ता जे झालं ते बोलणं होतं. दोन माणसांचं नीट, पुरतं बोलणं.

दादाने तिच्याकडे वळून काठीने वरची गच्ची दाखवली. “आपलं हे.” मग घराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला किल्ल्यांचा जुडगा दाखवला. “आपलं हे.” पहिल्यात ‘चल’ होतं, दुसऱ्यात ‘घे’. तिला विचार करावा लागला नाही.

मोटरची खोली गच्चीवर, चौदा पायऱ्या वर. आजारपणानंतर दादाने एकही पायरी चढली नव्हती. डावा पाय वर, मग कठड्याला धरून उजव्याला ओढून घ्यायचं, मग दम. धाकटीने त्याच्या कमरेला हात घातला होता. सातव्या पायरीला त्याचा चेहरा घामाने निथळत होता. “दादा, राहू दे रे,” ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “आपलं हे,” तो पुटपुटला, आणि ते तिला उद्देशून नव्हतंच. ते तो आपल्या पायाला सांगत होता.

खोलीत तेलाचा वास. मधोमध मोटर, तिच्या अंगाला मोठं लोखंडी चाक, आणि जमिनीतल्या भोकांतून खाली गेलेले दोर. ही खोली दादाने वीस वर्षं सांभाळली होती. धाकटी आज पहिल्यांदा तिथे पाऊल टाकत होती. हे चाक फिरवलं की डबा सरकणार, हे ओळखून ती पुढे झाली आणि तिने हात घातला.

“आपलं हे!!”

चाबूक कडाडावा तसा तो आवाज आला. तिचा हात जागच्या जागी गोठला. दादा भिंतीकडे बघत होता. तिथे मुख्य स्विचचा दांडा होता. वीज! वीज चालू असताना ती चाकाला हात घालत होती. मोटर मध्येच सुरू झाली असती तर चाकाने तिचा हात पिळवटून काढला असता. तिने दांडा खाली ओढला. दिवा गेला, खिडकीचा उजेड तेवढा राहिला.

“आपलं हे,” दादा मऊ आवाजात म्हणाला. घाबरू नकोस.

मग काम सुरू झालं. दादाने स्वतः डाव्या हाताने ब्रेकचा दांडा धरला, आणि चाक कुठल्या बाजूला फिरवायचं ते हनुवटीने दाखवलं. दोरावर एका जागी पांढऱ्या रंगाचा पट्टा होता, आणि जमिनीवर तशीच एक पांढरी रेघ. धाकटीने एकदा पट्ट्याकडे, एकदा रेघेकडे पाहिलं. “हे तिथे आणायचं?” तिने विचारलं. आणि आपण काय बोललो हे तिच्या कानांवर पडलं तरी लाज वाटायला तिला सवड नव्हती.

“आपलं हे!” दादाचे डोळे चमकले. अगदी बरोबर!

तो ब्रेक किंचित सोडायचा, ती चाक फिरवायची, तो ब्रेक पुन्हा बसवायचा. चाक जड होतं, पण फिरत होतं. “आपलं, आपलं, आपलं,” तो ताल धरायचा, आणि ‘हे’ आलं की थांबायचं. मध्येच तो दोरांच्या भोकाशी वाकून खाली बाईंना धीर द्यायचा, की लगेच वळून हिला इशारा. तेच दोन शब्द, पण खाली जायचे तेव्हा त्यांत वडिलांची माया असायची आणि इकडे यायचे तेव्हा कामावरच्या मुकादमाची जरब. एकदा तिचा हात घसरला, तेव्हा त्यांत शिवीसुद्धा होती. चांगली दणदणीत, आणि अगदी बिनचूक.

धाकटीच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर तिने शब्द एकेक करून पारखले होते, कुठला नेमका, कुठला ढिला, कुठला काढून टाकायचा. आणि इथे हा माणूस तिने शंभरदा खोडला असता अशा एका टाकाऊ तुकड्यात अख्खी भाषा भरत होता. त्यात काळजी होती, विनोद होता, ‘डावीकडे’ होतं, ‘अजून जरासं’ होतं. तिला एकदाही ‘म्हणजे काय?’ असं विचारावं लागलं नाही. दादा पूर्वीही असंच बोलत असणार, आणि आपण तेव्हा ऐकत नव्हतो, हे तिला चाक फिरवता फिरवता कळलं. तिचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

पांढरा पट्टा रेघेवर आला, म्हणजे डबा मजल्याशी लागला. दादाने ब्रेक घट्ट बसवला आणि भोकाशी वाकला.

“आपलं हे!”

खालून जाळी सरकल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग पावलं.

“आले! बाहेर आले मी!” बाई ओरडत होत्या. “चौथ्या मजल्यावर आहे!”

दादा भिंतीला टेकून खाली बसला. धाकटीही त्याच्या शेजारी बसली, तेलकट जमिनीवर, पातळाची पर्वा न करता. दोघंही धापा टाकत होती. बाई जिन्याने वर आल्या. त्या दादासमोर बसल्या आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून रडल्या. शिकवायला आलेल्या बाईंना त्या दिवशी एक शब्द सापडेना.

दुपारी कंपनीचा माणूस आला. त्याने ब्रेक तपासला, चाक पाहिलं, वीज बंद असल्याची खात्री केली.

“काम एकदम चोख झालंय,” तो म्हणाला. “कोणी केलं?”

“यांनी,” धाकटी म्हणाली. “मी नुसतं चाक फिरवलं.”

संध्याकाळी वहिनी घरी आली. धाकटीने सांगायला तोंड उघडलं, पण दादाने डावा हात वर करून तिला थांबवलं. मग तो स्वतः आपल्या त्या दोन शब्दांत सांगू लागला. डबा कुठे अडकला, बाई कशा घाबरल्या, आपण पायऱ्या कशा चढलो, आणि धाकटीने चाकाला हात घातला तेव्हा आपल्या काळजाचं कसं पाणी झालं, सगळं सांगितलं. वहिनीने हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. ती मध्येच “अगं बाई!” म्हणायची, मध्येच “मग?” विचारायची.

“ताई,” शेवटी ती वळून म्हणाली, “सातव्या पायरीवर यांना परत फिरा म्हणाला होतात तुम्ही?”

“हो,” धाकटी म्हणाली. “म्हणाले होते.”

तिने मांडीवरचे कागद बाजूला सारले, खुर्ची त्या दोघांच्या जवळ ओढली आणि पुढचं ऐकायला बसली.